एक्कावन्न नंबरची रिकामी ओळ

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाई उगाच चिडते. मी उगाच चिडत नाही. मशीन चुकलं की चिडते, माणूस चुकला की चिडते, आणि स्वतः चुकले की सगळ्यात जास्त चिडते. फक्त ते ध्यानात यायला मला वेळ लागतो. त्या उन्हाळ्यात महिना लागला.

अमरावतीला तेव्हा माझा कॉम्प्युटर क्लास होता. दोन खोल्या, नऊ मशीन, आणि दिवसातून दोनदा भारनियमन. पेपर मी मागच्या पानाकडून उघडायची, कारण कापूसवाल्या गावांच्या बातम्या पहिल्या पानावर असायच्या आणि त्या वाचून दिवसभर जीव थाऱ्यावर राहायचा नाही. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी मी बॅचला ओरडत असताना दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात डोळ्यांच्या दवाखान्याची फाईल. आवाज ऐकून म्हणाले, "हाव, ह्याच त्या मॅडम. वरडनं बदललं नाई."

मी ओळखलं आणि हसूच आलं. अकोल्याचे चाचा! बारा वर्षांपूर्वी मी अकोल्याला एका खाजगी बियाण्याच्या फार्मवर नोकरीला होते, तिथं चाचा रजिस्टर लिहायचे. फार्म आता नाही, तिथं प्लॉट पडलेत. तेव्हा तिथं देशी कापसाची झाडं एकमेकांशी जुळवून नवे वाण काढायचं काम चालायचं. काम सगळं बायकांच्या हातचं. संध्याकाळी कळी उकलून आतले तुरे काढून टाकायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि देठाला दोरा बांधायचा. प्रत्येक बाईच्या दोऱ्याचा रंग वेगळा, म्हणजे कुणी लावलेलं बोंड धरलं आणि कुणाचं गळलं ते कळावं. फार्मवर त्या बायकांना नावानं कोणी हाक मारतच नव्हतं. लालवाली, पिवळीवाली, हिरवीवाली. रंग हेच नाव होऊन बसलं होतं. चाचांची बायको, म्हणजे चाची, त्याच बायकांत कामाला होती.

चाचा सगळं रजिस्टरात उतरवायचे आणि मी ते रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवायची, माझ्याच हातानं लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये. मी तेवीस वर्षांची, नुकता डिप्लोमा झालेला, आणि फार्मवर एसी असलेली एकमेव खोली माझी. उन्हात वावरात जाऊन बायका काय करतात ते पाहावं, असं मला एकदाही वाटलं नाही. माझे पायच जमिनीवर नव्हते.

पोरांना सुट्टी दिली, चहा मागवला. "चाची कशा आहेत?" मी विचारलं.

"दोन साल झाले," चाचा म्हणाले, आणि चहाचा कप बशीत नीट ठेवला. मग म्हणाले, "बेटा, तो तुमचा प्रोग्राम हाय का अजून?"

मला वाटलं म्हातारा आठवणी काढायला आला आहे. पण चाचा कामाला आले होते. फार्म बंद झाला तेव्हा साहेबांनी बियाण्याच्या लहान लहान थैल्या बाहेर टाकून दिल्या होत्या. चाचांनी त्यातल्या चौतीस उचलून घरी नेल्या. थैलीवर नुसता रजिस्टरातल्या ओळीचा नंबर, बाकी काही नाही. दरवर्षी घरामागच्या तुकड्यावर प्रत्येक नंबरची चार-चार झाडं लावून त्यांनी ते बी जिवंत ठेवलं होतं. दुकानात देशी कापसाचं बी शोधून सापडत नव्हतं त्या वर्षांत.

"आता डोये गेले," ते म्हणाले. "सून म्हन्ते, अब्बा, चौतीस नाई होत, एक कोनतं ते सांगा, ते मी लावून देतो. तं मले तुमच्या चाचीच्या हातचं पाह्यजे."

मी कप खाली ठेवला. कारण मला आठवलं. चाची एक हंगाम कामाला होती, तिचा दोरा निळा. हंगामाच्या शेवटी माझ्या प्रोग्रॅमनं एक तक्ता छापला होता: कुठल्या रंगाची किती बोंडं धरली. त्यात निळ्यासमोर शून्य होतं. पुढच्या हंगामाला साहेबांनी निळीवालीला बोलावलं नाही.

"चाचा, त्यांचं तर..." मी चाचरले.

"झिरो. मालूम हाय." चाचांचा आवाज चढला. "ती मरेपर्यंत म्हनत राह्यली, माह्या हातालेच बरकत नाई. घरात लोनचं घालायची नाई स्वतःच्या हातानं. म्हने नासन. अख्खं घर रांधनारी बाई, पन लोनच्याले हात नाई लावला! आन् म्या माह्या डोयानं पाह्यलं हाय, तो आभायाच्या रंगाचा दोरा, पिकल्या बोंडावर. नंबर ध्यानात नाई राह्यला. पन पाह्यलं हाय."

"निळा दोरा?"

"हाव, तोच. तुमच्या त्या कॉम्प्युटरात असन."

रजिस्टर कुठं आहे म्हणून विचारलं, तर ते फार्मबरोबर रद्दीत गेलं होतं. राहिल्या होत्या फक्त माझ्या फ्लॉप्या. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "चाचा, आठ दिवस द्या मला." पेरणीला दीड महिना होता. मला वाटलं, काम किरकोळ आहे.

डोंबलाचं किरकोळ! फ्लॉप्या बिस्किटाच्या डब्यात होत्या, पाचातल्या दोन बुरशीनं खाल्लेल्या. नशिबानं कामाच्या तीन वाचल्या. पण नव्या मशीनवर तो जुना प्रोग्रॅम चालणं शक्यच नव्हतं. मग एम्युलेटर बसवला. एम्युलेटर म्हणजे नव्या मशीनच्या पोटात चालणारं खोटं जुनं मशीन. ते प्रोग्रॅमला पटवतं की बाबा, काही बदललं नाही, तू अजून त्याच जुन्या पेटीत बसला आहेस. पण माझ्या प्रोग्रॅमला पटेल तर शपथ. सोळा एमबी मेमरी दिली तर म्हणे मेमरीच नाही. चार दिली तर नुसता काळा पडदा. शेवटी फार्मवरच्या मशीनला होती तेवढीच, दोन एमबी दिली, तेव्हा आला बापडा उघडून. पडद्यावर माझंच जुनं चौकटीचं नक्षीकाम, निळ्या पट्टीवर पिवळी अक्षरं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

दोऱ्याच्या रंगांची यादी मागितली. एक ते पंचवीस धडाधड आले. सव्वीस ते पन्नास आले. एक्कावन्नवर प्रोग्रॅम धाडकन मेला. पडद्यावर तेरा नंबरचा फॉल्ट आणि आकड्यांच्या चार ओळी. पुन्हा चालवला. पुन्हा एक्कावन्न. तिसऱ्यांदा चालवला तेव्हा वीज गेली.

तो तेरा नंबर काय आहे ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जुन्या साध्या मोडमध्ये प्रोग्रॅमला सगळी मेमरी मोकळं रान असायची. चुकून शेजारच्याच्या वावरात हात गेला तरी कोणी विचारायचं नाही. जे हाताला लागलं ते घेऊन प्रोग्रॅम पुढे. प्रोटेक्टेड मोडमध्ये तसं नाही. तिथं प्रत्येक तुकड्याला धुरा, म्हणजे बांध, घातलेला असतो, आणि धुऱ्याबाहेर एक पाऊल पडलं की प्रोसेसर मानगूट धरतो. माझा प्रोग्रॅम आधी साध्या मोडमधला होता. चाचीच्या हंगामाचा तो तक्ता त्यानंच छापला होता. नंतर मेमरी पुरेना म्हणून मी तो प्रोटेक्टेड मोडमध्ये नव्यानं लिहिला, रजिस्टरच्या प्रत्येक पानाला वेगळा तुकडा दिला, आणि चार महिन्यांत फार्मच बंद पडला. म्हणजे नव्या प्रोग्रॅमवर ही यादी कधी कोणी काढलीच नव्हती.

हे सगळं आज शहाणपणानं सांगते आहे. तेव्हा मी सरळ एम्युलेटरला शिव्या घातल्या. माझा प्रोग्रॅम चुकेल? छे! त्या खोट्या मशीनलाच प्रोटेक्टेड मोड धड जमत नसणार. मी त्याचा वेग कमी केला, वाढवला. प्रोसेसर बदलून पाहिला. दुसरा एम्युलेटर आणला, तिसरा आणला. तिन्ही एक्कावन्नवर मेले. सकाळची बॅच सुटली की दुपारची येईपर्यंत मी मशीनला चिकटलेली. वीज गेली की इन्व्हर्टर पंधरा मिनिटं टिकायचा, आणि त्या पंधरा मिनिटांत माझी अशी घालमेल व्हायची की पायात चप्पल नाही याचंही भान नसायचं. घरी भाजी करपली. आमचे हे कॉलेजात शिकवतात, स्वभावानं थंड. ते म्हणाले, "तू त्या प्रोग्रॅमची आई आहेस ना? मग पोराचं चुकलं म्हटलं की आई जशी शेजारणीवर धावून जाते, तसं चाललंय तुझं." मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

चाचांचा फोन यायचा, घराशेजारच्या किराणा दुकानातून. "लागला का?" एवढंच. "चालू आहे," मी एवढंच. आठाचे पंधरा दिवस झाले, पंधराचे तीस.

शेवटी नाक मुठीत धरून डीबगर लावला. डीबगरमध्ये प्रोग्रॅम एक-एक पाऊल चालवता येतो. एक कळ दाबली की एक आज्ञा. मग थांबून पाहायचं, कुठल्या खान्यात काय आकडा आहे. एक्कावन्नच्या अलीकडे थांबवला आणि कळ दाबत निघाले. हजारभर वेळा दाबली असेल. आणि मग दिसलं. त्या ओळीच्या जागेचा आकडा शून्य होता, प्रोग्रॅमनं त्यातून एका ओळीची लांबी वजा केली, चौसष्ट, आणि झाला एफ-एफ-सी-शून्य, म्हणजे पासष्ट हजारांच्या पुढचा. पानाचा तुकडा होता जेमतेम सोळाशेचा. धुऱ्याबाहेर पाऊल. तेरा नंबर.

एम्युलेटर बिचारा बरोबर होता. चूक माझी होती. रजिस्टरात खाना रिकामा असला तर वरच्या ओळीत जे आहे तेच समजायचं, असा नियम मी प्रोग्रॅममध्ये घातला होता. आपल्याकडे सगळी रजिस्टरं तशीच लिहितात की! एकदा लिहायचं आणि खाली कोरं सोडून द्यायचं. एक्कावन्नचा दोऱ्याचा खाना रिकामा होता, म्हणून प्रोग्रॅम वर पाहायला गेला. पण पानाला ओळी पंचवीस. एक्कावन्न म्हणजे तिसऱ्या पानाची पहिली ओळ. तिच्या वर काही नव्हतंच.

मला इतका आनंद झाला की विचार करायचं राहूनच गेलं. ठिगळ लावलं: पानाची पहिली ओळ रिकामी असेल तर वर पाहू नको, उडी मार आणि पुढे जा. यादी शेवटपर्यंत आली. लाल, पिवळा, हिरवा, काळा. निळा कुठंच नाही. पुन्हा पाहिली, बोट लावून पाहिली. नाही.

फोनवर चाचांना निळा नाही असं सांगितलं. आणि त्यांना बोलूच न देता मी आपली बडबडत सुटले. म्हटलं, "यादी मी छापून पाठवते, चांगला धरलेला एखादा नंबर निवडू आपण. फक्त ते एक्कावन्न सोडा. त्याचा रेकॉर्डच खराब आहे, कचरा आहे तो."

"बरं," चाचा म्हणाले. "मंग खरंच झिरो होता तिचा."

फोन ठेवला आणि मला काही सुचेना. काम तर संपलं होतं. तरी बसल्या जागी चैन नव्हतं, जेवताना नाही, शिकवताना नाही. काहीतरी खुपत होतं. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी सकाळी कळलं काय ते. चाचा एकदा माझ्यावर डाफरले होते, फार्मवर, पहिल्याच महिन्यात. मी त्यांच्या रजिस्टरात काहीतरी भरत होते आणि नव्या पानावर कोरं सोडलं होतं. "पान पलटलं का वरचं परत लिवायचं मॅडम," ते म्हणाले होते, "नाईतर वाचनाऱ्यानं मांगं पाहावं का पुढं?" हा त्यांचा नियम होता. आणि खाली तोच शब्द असेल तिथं ते कोरं सोडत नसत, दोन रेघांची खूण करत. ती खूण दिसली की मी रंग पुन्हा टाइप करायची. मला आठवत होतं. मग चाचांच्या रजिस्टरात कोरा खाना आलाच कुठून?

प्रोग्रॅम बाजूला ठेवला, कच्ची फाईलच उघडली. रिकामे दोरे मोजले. नऊ. सबंध रजिस्टरात कोऱ्या ओळी फक्त नऊ. आठांना माझ्या प्रोग्रॅमनं वरच्या बाईचा रंग चिकटवला होता, बहुतेक लाल. नववी एक्कावन्न. चाचांच्या चौतीस नंबरांत त्या नवातला एकच होता, एक्कावन्न.

तो आकडा डोक्यात घेऊन दुपारी घरी आले, तर दारावर गॅसवाला. वही पुढे करून म्हणाला, "ताई, कनेक्शन कोनाच्या नावानं हाय?"

"यांच्या," मी म्हटलं.

"यांच्या म्हन्जे?"

मी पडवीत पेपर वाचणाऱ्या आमच्या ह्यांच्याकडे बोट केलं. ते हसून म्हणाले, "बघा, प्रोसेसरला हाका मारते, पण नवऱ्याचं नाव तोंडातून निघत नाही." गॅसवालाही हसला.

फार्मवर रंग हेच नाव होतं. चाचा चाचीचं नाव कसं लिहिणार होते? त्या दिवशीही ते आभाळाच्या रंगाचा दोरा म्हणाले होते, निळा नाही.

ज्या बाईचा खाना कोरा, ती निळीवाली. वावरातल्या प्रत्येक माणसाला ते ठाऊक असणार. ठाऊक नव्हतं ते फक्त एसीतल्या मॅडमला, आणि मॅडमनं स्वतःच्या अकलेनं नियम घातला. चाचीनं लावलेली बोंडं लालवालीच्या नावावर चढली. निळ्याला एकही ओळ मिळाली नाही, म्हणून शून्य. तो शून्य मी छापला होता. त्या शून्यापायी एक बाई मरेपर्यंत लोणच्याला हात लावत नव्हती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिथंच सिलिंडरशेजारी बसून रडले, गॅसवाल्यासमोर.

दुकानाचा फोन लावला. वाजत राहिला. शुक्रवार, दुकान नमाजासाठी बंद. पुन्हा लावला, पुन्हा. मग माझ्याच्यानं राहवेना. पर्स घेतली आणि बसस्टँड गाठला. अकोल्याची लाल गाडी मूर्तिजापूरला अर्धा तास उभी राहिली, कंडक्टर चहा पीत होता. मी खिडकीतून ओरडले, "ओ दादा, आज पोहोचवणार आहात का?" तो म्हणाला, "बाई, गाडी काय मी डोक्यावर नेऊन राह्यलो?" बरोबर होतं त्याचं. पण त्या अर्ध्या तासात मला एकच दिसत होतं: मी कचरा म्हटलं होतं. चाचांच्या घरी म्हैस आहे, आणि कापसाचं बी म्हणजे सरकी. ती म्हशीच्याच घमेल्यात जाते.

रिक्षातून उतरले तेव्हा चार वाजले होते. अंगणात सून म्हशीसाठी पेंडीची ढेप फोडत होती, शेजारी घमेलं, घमेल्यात सरकी पाण्यात भिजत पडलेली. मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"एक्कावन्न नंबर कुठाय?"

सून माझ्याकडे पाहतच राहिली. "तुमीच त कचरा म्हनलं ना? सकायी टाकली भिजू, इकतच्या सरकीत. आता ढेप मिसयतो आन् देतो."

"नको! देऊ नको म्हशीला!"

"काहून? काय झालं?"

चाचा भिंतीला हात लावत बाहेर आले. मी धापा टाकत उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कोरा खाना, पानाची पहिली ओळ, माझा नियम. मग विचारलं, "चाचा, तुम्ही त्यांचा दोरा कधी लिहिलाच नाही ना?"

चाचा गोंधळले. खरंच गोंधळले, असं कोणी विचारेल हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं कधी. "घरवालीचं कसं लिवू?" ते म्हणाले. "रजिस्टर सायबापाशी जाये, चार लोकं वाचे. कोरं सोडलं का सगळ्याइले समजे का ते घरचं हाय."

"मला नाही समजलं, चाचा. तो झिरो त्यांचा नव्हता. मी केला होता तो."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडावं असंच वाटत होतं मला. चाचा घमेल्याजवळ आले, खाली बसले, आणि पाण्यात हात घातला. बोटांनी चाचपत राहिले. मग चिमटीत एक दाणा धरून वर काढला.

"हे पाहा. बारीक हाय. इकतची सरकी मोठी राह्यते, हायब्रीडची. देशी लहान, आन् अंगाले फर जादा. चौतीस थैल्यांतून नाई वयखू शकत म्या, पन देशी-हायब्रीड त वयखतो." तो दाणा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. मी घमेल्यातला दुसरा एक दाणा त्याच्याशेजारी धरून पाहिला. ओल्या फरात मला काडीचा फरक दिसेना.

आम्ही तिघं बसलो. सून आणि मी मूठ-मूठ सरकी काढून ताटात पसरायचो, चाचा बोटं फिरवून वेचायचे. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "चाचा, काहीतरी बोला मला. शिव्या तरी द्या."

"मंग देईन," ते म्हणाले. "आता हात चालवा. बी फुगून राह्यलं. एकदा भिजलं का ठेवता येत नाई, आजच लावा लागन."

माती अजून भट्टीसारखी तापलेली, पेरणीला पंधरा दिवस अवकाश. पण भिजलेलं बी थांबत नाही. सुनेनं तेलाचे रिकामे डबे आणले, बुडाला भोकं पाडली, घरामागची माती भरली. चाचा बोटानं खड्डा करायचे आणि दोन-दोन दाणे टाकायचे. पहिल्या डब्याजवळ ते थांबले, मला म्हणाले, "हा तुमी लावा." मी लावला. ती म्हैस मागे दाव्याला हिसके देत सारखी हंबरत होती, तिची वैरणीची वेळ टळली होती.

त्यानंतरचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ऊन कडक, त्यात बी दिवसभर पाण्यात पडून राहिलेलं. रोज फोन करायची आणि रोज सून म्हणायची, "नाई जी, अजून नाई." नवव्या दिवशी चाचाच फोनवर आले.

"आली," ते म्हणाले. "म्या बोट लावून पाह्यलं. दोन-दोन पानं हायेत. सून म्हन्ते सात डब्यांत हाय, चार रिकामे गेले." मग थोडं थांबून म्हणाले, "तिनं लोनचं घातलं काल. सासूच्या हातची पद्धत इचारत व्हती मले. म्या म्हटलं, मले काय मालूम, तुही सासू हात लावत व्हती काय कधी."

मी क्लासवर होते, एम्युलेटर समोर उघडाच होता. लावलेलं ठिगळ मी आदल्या दिवशीच काढून टाकलं होतं. नियमही बदलला होता: रिकामं ते रिकामं, वर पाहायचं नाही. इतर आठ ओळींचं नंतर विचारायचं होतं. एक्कावन्न मुद्दाम पहिली घेतली होती.

"चाचा," मी म्हटलं, "एक्कावन्नच्या ओळीवर आहे मी. दोऱ्याचा खाना कोरा आहे. काय लिहू?"

"तुमाले मालूम हाय."

"मला आहे. पण मी माझ्या मनानं आता काही भरणार नाही. तुम्ही सांगा."

दुकानात कोणीतरी साखर मागत होतं, तराजूचा आवाज येत होता. चाचांनी आवाज खाली आणला.

"निळा," चाचा म्हणाले.

मी टाइप केलं आणि यादी पुन्हा चालवली. पन्नास आलं, एक्कावन्न आलं, निळा आला, आणि प्रोग्रॅम पुढे गेला.